अनसूयाबाईंनी पांघरूण उसवलं

बसा, बसा मंडळी! मागे उभे आहात ते पुढे या, पुढे जागा आहे आणि मी काही चावत नाही! बायकांच्या बाजूला जरा सरका, त्या मावशींना टेकायला खांब द्या. हां, आता बरं दिसतंय. देवाचं नाव घेऊन झालं, टाळ वाजवून हात गरम झाले, आता टाळ खाली ठेवा. दामूअण्णा, पखवाजावरचा हात काढा, घाम पुसा. आज आख्यानात राजा नाही, राक्षस नाही, युद्ध नाही. आज लोकर आहे!

हसलात? हसा, हसा. पुढे हसायला मिळेलच असं नाही.

मंडळी, ऐका. एक प्रश्न विचारतो. तुम्ही एखाद्याला काही दिलंत — दान म्हणा, भेट म्हणा — तर दिल्यानंतर ती वस्तू कुणाची?

"ज्याला दिली त्याची!" — कोण बोललं? खंडूशेठ? वा! पैकीच्या पैकी मार्क! मग शेठ, लग्नात जावयाला दिलेलं घड्याळ त्यानं आपल्या धाकट्या भावाला देऊन टाकलं, तेव्हा तुम्ही चार महिने जावयाशी बोलला नाहीत ते का? — राहू द्या, राहू द्या, जावई कीर्तनाला आलेत!

आपण असेच आहोत हो. पातेलं देतो, त्यावर नाव कोरून देतो. बाक देतो, त्याच्या पाठीवर आजोबांचं नाव रंगवून देतो. आपल्या वाडवडिलांनी दानाची रीत कशी लावून दिली होती? वस्तू पुढे ठेवायची, हातावरून पळीभर पाणी सोडायचं आणि म्हणायचं — न मम. माझं नाही. पाणी सुटलं की हक्क सुटला. आता पाणी सोडतो आपण, पण एक डोळा वस्तूवर ठेवून सोडतो. पोरानं ती नीट वापरली का? सुनेनं ती कुठे ठेवली? आपण तिच्या घरी गेलो की बाहेर काढते का?

तर ह्या प्रश्नाचं उत्तर मला येतं असं मला वाटत होतं. गेली तीस वर्षं ह्या चौथऱ्यावर उभा राहून मी ते सांगतोय. ते मला येत नव्हतं, हे मला गेल्या वैशाखात कळलं. ती हकीकत सांगतो.

कुमुदताई पाटे तुम्हाला माहीत आहेत. कन्याशाळेत शिवणकाम शिकवायच्या. इथल्या निम्म्या सुनांना काजं करायला त्यांनीच शिकवली. त्या समोर बसल्यात, तिसऱ्या ओळीत. ताई, मान वर करा. नको? बरं. मंडळी, मी कुणाच्या माघारी बोलत नाहीये. परवा ताई घरी आल्या आणि म्हणाल्या, "बुवा, सांगा ही गोष्ट. माझं नाव घेऊन सांगा." आणखीही एक वाक्य बोलल्या. ते त्याच्या जागी सांगतो.

चार वर्षांमागे पौषात ताई ओढ्यापलीकडच्या रस्त्यानं चालल्या होत्या. तिथला वृद्धाश्रम तुम्हाला ठाऊक आहे. सकाळी आठची वेळ. आपली जुन्नरकडची थंडी काय सांगायची, तोंडातून शब्दाआधी वाफ निघते! आश्रमाच्या कट्ट्यावर म्हातारी माणसं उन्हाला बसलेली, अंगावर विरलेल्या चादरी. एक आजोबा चादरीतून दिसत होते म्हणे, इतकी ती विरली होती. ताई घरी आल्या, पण त्यांना जेवण गेलं नाही. हे आधी सांगतो, कारण पुढे तुम्ही त्यांच्यावर रागावणार आहात. बाई मनानं चांगली आहे. ज्याला दुसऱ्याची थंडी वाजते, तो माणूस चांगलाच.

ताईंनी चौदा बायका जमवल्या. उबारा महिला मंडळ! रोज दुपारी तीन ते पाच, ह्याच देवळाच्या ओवरीत. आश्रमात माणसं बेचाळीस, म्हणून क्रोशाची बेचाळीस पांघरुणं करायची. मी येता-जाता बघायचो. हातात आकड्याची सुई, मांडीवर लोकरीचा गुंडा आणि तोंडानं जप चाललेला — "साखळी, साखळी, खांब. साखळी, साखळी, मुका खांब." मी विचारलं, "हे मुका खांब काय?" ताई म्हणाल्या, "टाक्याचं नाव आहे बुवा. बुटका टाका असतो." मी म्हटलं, "बायकांच्या बैठकीत मुकं काही असतं, हे आजच कळलं!"

हां, तेव्हा त्या बायकाही अशाच हसल्या होत्या.

हातभर नाही, वीतभर चौकोन करायचा. असे ऐंशी चौकोन झाले की ते जोडायचे, भोवती काठ विणायचा, झालं पांघरूण. जोडायचं काम ताईंचं. आणि ताईंची नजर म्हणजे बापरे! एखादा टाका सैल दिसला की त्या बोलायच्या नाहीत, रागवायच्या नाहीत. धाग्याचं टोक धरायचं आणि — सर्रर्र! अख्खा चौकोन उसवून गुंडा हातात! एकदा हिराबाई म्हणाल्या, "अहो ताई, म्हाताऱ्या माणसांना थोडंच दिसणार आहे?" ताई म्हणाल्या, "दिसत नाही म्हणून फसवायचं का हिराबाई? त्यांना आयुष्यात पुष्कळांनी फसवलंय." हिराबाईंनी गुपचूप पुन्हा साखळी घातली.

तीन वर्षं लागली. पांघरुणं झाली आणि प्रत्येकाच्या कोपऱ्यात ताईंनी एक पांढरी पट्टी शिवली, लाल धाग्यानं अक्षरं काढलेली — 'सप्रेम भेट, उबारा महिला मंडळ.' आता ह्यात वाईट काय? काही नाही. तीन वर्षं बोटं झिजवली बायकांनी, नाव नको का?

गेल्या मार्गशीर्षात आश्रमात कार्यक्रम झाला. प्रमुख पाहुणे कोण? दुसरं कोण असणार — मीच! हार घालून घेतला, चहा दोनदा घेतला आणि भाषण काय केलं? दानाचं महत्त्व! न मम! पळीभर पाणी! अर्धा तास बोललो. समोर बेचाळीस म्हातारी माणसं मांडीवर नवी पांघरुणं घेऊन बसलेली. त्यांत शेवटच्या ओळीत एक बाई होत्या. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्या पांघरूण उलटं करून बघत होत्या. मला वाटलं, बाईला ऐकू कमी येत असेल.

त्या अनसूयाबाई ढोबळे.

मंडळी, ही बाई आता नीट ओळखून घ्या. वय एक्याऐंशी. सिन्नरकडच्या. नवव्या वर्षी मांडीवर सूप आलं. सुपात तेंदूची पानं, तंबाखू आणि दोऱ्याची रिळं. विडी वळायची! पान कातरायचं, तंबाखू भरायची, गुंडाळायचं, दोरा मारायचा, टोक मुडपायचं — एक झाली. अशा दिवसाला हजार! लग्न झालं तरी हजार. नवरा गेला त्याच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी हजार. मूलबाळ नाही. एकसष्ट वर्षं ते सूप मांडीवरून उतरलं नाही. मग डोळे अधू झाले, छाती धरायला लागली, भाच्यानं आश्रमात आणून ठेवलं. भाचा चांगला आहे, दर महिन्याला येतो.

आश्रमात सगळं मिळतं. वेळेवर चहा, वेळेवर जेवण, वेळेवर गोळी. अनसूयाबाई पहिल्या आठवड्यातच स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या. "तांदूळ निवडू का गं पोरी?"

स्वयंपाकीण म्हणाली, "आजी, आता तांदूळ पाकिटातला येतो. त्यात खडाच नसतो."

"मग लसूण सोलू का?"

"नका हो. नखं दुखतील. तुम्ही आयुष्यभर केलंत, आता आराम करा."

किती गोड बोलली! काही चुकलं का तिचं? अनसूयाबाई कॉटवर येऊन बसल्या. बसल्या, पण हातांना कोण सांगणार? बोटं आपली वळताहेत. पदराचं टोक वळताहेत, चादरीचा दोरा वळताहेत, हवा वळताहेत! शेजारच्या बाई म्हणायच्या, "अनसूयाबाई, हात धरून बसा हो, बघून आम्हाला चक्कर येते."

आणि अशा बाईच्या मांडीवर आम्ही काय ठेवलं? लोकरीचं, हातानं केलेलं, ऐंशी चौकोनांचं पांघरूण. ऊब म्हणून ठेवलं. त्या बाईनं ते उलटं केलं आणि धागा कुठून कुठे गेलाय ते बघायला लागली.

आता काय झालं असेल सांगा? बरोबर! तिनं काठाची गाठ शोधली. नखानं सोडवली. धागा ओढला.

आता माघात या. जिल्ह्याला महिला मंडळांचा मेळावा होता. ताईंना तिथे फोटो लावायचे होते, म्हणून त्या आश्रमात गेल्या. एकेका कॉटपाशी थांबून, पट्टी दिसेल असं पांघरूण लावून फोटो काढत चालल्या. अनसूयाबाईंच्या कॉटपाशी आल्या आणि पट्टी शोधायला लागल्या. पांघरूण उसवलेलं! काठ गेलेला. कोपऱ्यातले चौकोन सुटे पडलेले, काही वेडेवाकडे. लोकरीचा गुंडा पितळी तांब्यात ठेवलेला, घरंगळू नये म्हणून. आणि बाईंच्या हातात काय? मोडक्या छत्रीची काडी! वॉचमननं टोकाला पक्कडीनं वाकवून दिलेली.

ताईंनी विचारलं, "आजी, हे काय केलंत?"

"उसावलं."

"उसवलंत? का?"

"बघाया."

"काय बघायला?"

"कसं केलंया ते."

ताईंच्या डोळ्यांपुढे तीन वर्षांच्या दुपारी उभ्या राहिल्या. हिराबाईंचा चौकोन त्यांनी पाच वेळा उसवला होता हो, एक सैल टाका राहू नये म्हणून! त्यांचा आवाज चढला. "आजी, चौदा बायकांनी तीन वर्षं केलंय हे! तुमच्यासाठी! तुम्हाला थंडी वाजू नये म्हणून! आणि तुम्ही बसून उसवताय?"

अनसूयाबाई गडबडल्या. "परत करते न्हवं बाई. केलं बी. दोनदा केलं. मग पुन्यांदा उसावलं."

हे ताईंनी कसं ऐकलं? दोनदा उसवलं! मधलं 'केलं' ऐकूच आलं नाही. रागाला कान एकच असतो.

आश्रमाचे व्यवस्थापक बोऱ्हाडे धावत आले. सभ्य माणूस. त्यांनी काडी बघितली आणि ते घाबरले. "आजी, टोकदार आहे ही! डोळ्यात गेली म्हणजे? कुणी दिली?" वॉचमन भिंतीआड सरकला. बोऱ्हाडेंनी काडी काढून घेतली. ताईंनी पांघरूण, सुटे चौकोन, तांब्यातला गुंडा, सगळं पिशवीत भरलं. "दुरुस्त करून आणते," म्हणाल्या. आणि बाईंना उघडं ठेवलं नाही बरं का! दुपारच्या आत दुकानातलं नवंकोरं, जाड, गुबगुबीत ब्लँकेट पाठवून दिलं.

थंडी वाजली का अनसूयाबाईंना? नाही! मुळीच नाही. त्या रात्रभर उबेत होत्या. मंडळी, इथेच तर सगळे फसलो आपण.

ताईंनी पिशवी कपाटावर टाकली. राग होता ना! आणि आठ दिवसांनी मला वाटेत भेटल्या, तेव्हा सगळं सांगितलं. सांगताना डोळ्यांत पाणी. "बुवा, इतकं जीव लावून करायचं आणि त्याची ही किंमत?" मी काय केलं? बाईचं सांत्वन केलं. ते ठीक. पण मी कीर्तनकार पडलो! कुणी रडत गोष्ट सांगितली, तरी आमचं मन आत बसून म्हणतं — वा, दृष्टांत चांगला मिळाला!

ताई परवा म्हणाल्या ते दुसरं वाक्य आता सांगतो. त्या म्हणाल्या, "बुवा, माझं नाव घ्या. पण तुमचंही घ्या."

घेतो. ह्या वर्षीची रामनवमी आठवा. हेच देऊळ, हाच चौथरा, हेच दामूअण्णा. तुम्हीही सगळे होतात. जन्म झाला, पाळणा झाला आणि मग मी रंगात आलो. म्हटलं, "मंडळी, एका गावात आजीबाईला पांघरूण दिलं. आजीबाईनं काय केलं? पांघरलं? छे! अंथरलं? छे! आजीबाई बसली उसवत!" आणि मी नक्कल केली. डोळे बारीक केले, तोंडाचं बोळकं केलं, बोटांनी धागा ओढल्यासारखं — असं, असं. दामूअण्णांनी त्यावर पखवाजाचा तुकडा टाकला. आणि मी म्हटलं, "अहो, गाढवाला गुळाची चव काय!"

किती हसलात तुम्ही! पोट धरून हसलात. बायकांच्या बाजूनं टाळ्या आल्या. मी नाव घेतलं नव्हतं. पण ह्या गावात पांघरुणं वाटली बेचाळीस, त्यात उसवलं ते एक. कोण ते कळायला काय पंचांग बघावं लागतं?

आणि देवळाच्या शिखरावर भोंगा आहे. त्याचं तोंड ओढ्याकडे. आश्रमातल्या ज्या म्हाताऱ्यांना चालवत नाही, ते त्या कट्ट्यावर बसून भोंग्यावर माझं कीर्तन ऐकतात. बोऱ्हाडे खुर्च्या मांडून देतात. अनसूयाबाई एकही कीर्तन चुकवायच्या नाहीत. त्या दिवशी पहिल्या खुर्चीवर होत्या.

नाही, आता पखवाज नको अण्णा. राहू द्या.

पुढे वैशाख आला. लोकरीचे कपडे उन्हात घालून ठेवायचे दिवस. ताईंनी कपाट उघडलं, वरची पिशवी खाली आली. म्हणाल्या, चला, एवढं दुरुस्त करून टाकू. जेवण झाल्यावर ओसरीत बसल्या आणि सुटे चौकोन पुढ्यात मांडले. नऊ होते.

पहिला हातात घेतला. कडा उन्हात टाकलेल्या पापडासारख्या वर आलेल्या. ताई म्हणाल्या, नासाडी! दुसरा घेतला. त्याला कोपरे तीनच. ताई थबकल्या. तीन कोपरे उसवून होत नाहीत हो! उसवल्यावर धागा राहतो, कोपरा राहत नाही. हे कुणीतरी केलेलं होतं. तिसऱ्याला कोपरे चार, पण एक लांब. चौथ्यात खांब मोजून बरोबर. पाचव्यात एक चुकलेला. सहावा सरळ. सातवा सरळ. लोकर बघितली तर ती पिंजल्यासारखी फुगलेली, म्हणजे तोच धागा कितीदा तरी विणून, सोडून, पुन्हा विणलेला. आणि नववा चौकोन? ताईंनी चष्मा पुसला. आपल्या पांघरुणातला एक चौकोन शेजारी ठेवला. नववा सरस होता! अहो, ताईंपेक्षा सरस. ताण एकसारखा, टाक्यावर टाका. एकसष्ट वर्षं रोज हजार वेळा एकाच ताणानं दोरा मारलेला हात होता तो!

आणि तो कशानं केलेला? छत्रीच्या काडीनं!

ताईंनी मला सांगितलं, "बुवा, माझ्या बायकांना शिकवायला मी होते. समोर बसून, हात धरून शिकवलं. तरी एक चौकोन नीट यायला पंधरा दिवस लागले. ह्या बाईला शिकवणारं कुणी नव्हतं. ती एक टाका सोडायची, धागा कुठून निघाला ते बघायची आणि तिथूनच पुन्हा घालायची. तिनं आमचं पांघरूण वाचलं हो. आम्ही ते फक्त दिलं." त्या दुपारी बाई ओसरीत एकट्या रडल्या म्हणे, आणि हे सांगताना माझ्यासमोरही रडल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई आश्रमात गेल्या. हातात चांगली सुई, स्वतःची, शाळेत असल्यापासूनची. पिशवीत नव्या लोकरीचे सहा गुंडे. बोऱ्हाडेंना म्हणाल्या, "मी जबाबदारी घेते. बाईंना काम करू द्या." बोऱ्हाडे म्हणाले, "करू द्या की. पण ताई, त्या हल्ली उठत नाहीत फारशा."

अनसूयाबाई कॉटवर बसलेल्या. हात मांडीवर. शेजारच्या बाई ताईंना म्हणाल्या, "आता नाही हो वळत हातानं काही. शांत झाल्या बिचाऱ्या."

ताई कॉटपाशी खालीच बसल्या. "अनसूयाबाई, माझी चूक झाली. हे घ्या. उसवा, विणा, काय हवं ते करा."

बाईंनी गुंड्याकडे बघितलं, पण हात पुढे केला नाही. "नगं बाई. माझ्या हातनं नासधूस व्हतीया."

"नाही हो! तुमचा नववा चौकोन माझ्यापेक्षा चांगला आहे. शपथेवर सांगते."

"खरं?" असं म्हणताना बाईंचा चेहरा क्षणभर उजळला, असं ताई सांगतात. मग त्यांनी सुई हातात घेतली. साखळीचा पहिला फास घातला. सुई निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. बोटं मिटेनात. तिसऱ्यांदा बाईंनी डाव्या हातानं उजव्या हाताची बोटं सुईवर दाबून धरली. धागा ओढला तो सुईवरून घसरला. मग त्यांनी सुई ताईंच्या हातात दिली आणि हसून म्हणाल्या, "गेलं बाई. माघात व्हतं."

तीन महिने! माघ ते वैशाख! डॉक्टर म्हणाले, वयानं होतंच, आज ना उद्या आखडलीच असती. असेल. डॉक्टरांचं खरं असेल. पण त्या तीन महिन्यांत किती चौकोन झाले असते? तुम्ही करा हिशोब, माझ्याच्यानं होत नाही.

मग मी गेलो. जावं लागलंच. दोन दिवस पायच उचलेना, तिसऱ्या दिवशी गेलो. मला बघून बाईंनी पदर सारखा केला, खुर्ची दाखवली. मी पाया पडायला वाकलो, तर चटकन पाय कॉटवर ओढून घेतले. "बुवा, असं करू नगा. मला पाप लागंल."

मी म्हटलं, "पाप माझं आहे. रामनवमीला तुमच्यावर गावाला हसवलं मी."

त्यांनी पाय पदराखाली झाकून घेतले. मग म्हणाल्या, "त्या बाई रागावल्या, त्याचं काई न्हाई. त्यांची वस्तू व्हती. पर तुमी देवाच्या दारातनं बोलला. मला वाटलं, देवच बोलला. म्हनलं, देवाला न्हाई आवडलं, तर ऱ्हाऊ दे."

ऐकलंत? काडी बोऱ्हाडेंनी काढून घेतली, लोकर ताईंनी नेली, तरी बाईंनी आज ना उद्या दुसरी काडी मागितली असती, दोरा चादरीचा ओढला असता. वॉचमननं दिलीही असती, छत्र्या काय कमी मोडतात! बाईंनी मागितली नाही. का? बुवांच्या तोंडून देवच हसला होता ना!

निघताना मी विचारलं, "माझ्यावर राग आहे का?" तर म्हणाल्या, "न्हाई वो. तुमची कथा लई ग्वाड असती." ह्यापेक्षा दोन थोबाडीत मारल्या असत्या तर मी सुखानं घरी गेलो असतो.

अनसूयाबाई आहेत. आज आहेत. आत्ता ह्या घटकेला ओढ्यापलीकडे पहिल्या खुर्चीवर बसल्या असतील, अंगावर ते गुबगुबीत ब्लँकेट असेल. मी आज भोंग्याचा आवाज मुद्दाम वाढवून घेतलाय. अनसूयाबाई, ऐका. तुमच्यावर हसला तो देव नव्हता. तो मी होतो. मूर्ख मी होतो आणि जे माझ्याबरोबर हसले ते इथेच बसलेत, माना खाली घालून. पांघरूण तुमचं होतं. पांघरायचं तुमचं, उसवायचंही तुमचं. देवाला तुमचा नववा चौकोन आवडला असणार, मला खात्री आहे. पण हे मी चैत्रात सांगायला हवं होतं. आता सांगून तुमची बोटं परत येत नाहीत, हे मला कळतं.



हं. आता तुम्ही. वाटलं, बुवांनी आपलं पाप सांगितलं, आपण सुटलो? मंडळी, तुम्हाला घरी आई आहे? सासू आहे? म्हातारे वडील आहेत? असतील. तुम्ही त्यांना जीव लावता, मला माहीत आहे. गरम पाणी देता, मऊ भात देता, पाठीला उशी देता. आणि आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली की काय म्हणता? "आई, तू राहू दे." पोळी लाटायला घेतली — "राहू दे गं, वाकडी होते." कपडे घडी करायला घेतले — "राहू दे, मी करते पटकन." बाबांनी सायकलची चेन बसवायला घेतली — "बाबा, राहू द्या, हात काळे होतील." राहू दे, राहू दे, राहू दे! किती प्रेमानं म्हणतो आपण! आणि तो हात मांडीवर येऊन पडतो. मग आपणच शेजाऱ्याला सांगतो, आई हल्ली अगदी शांत झाली आहे.

कुणाकुणाच्या घरी तो हात आता उठतच नसेल. त्यांना मी काय सांगू? मलाही काही सुचलेलं नाही. पण ज्यांच्या घरी अजून बोटं हलताहेत — पदर चाळवतात, चादरीचा दोरा ओढतात — ते ऐका. उद्या सकाळी मेथीची जुडी आणा आणि आईच्या पुढ्यात टाका. निवडू द्या तिला. तासभर लागेल. लागू द्या. कामाला उशीर होतोय म्हणून मधेच जाऊन चार काड्या तुम्ही मोडू नका. दुपारी जेवताना दाताखाली मातीची कचकच येईल, एखादं देठ राहिलेलं येईल. तोंड वाकडं करू नका. देठ ताटाच्या कडेला ठेवा, आणि ती ऐकेल असं म्हणा, "आई, उद्या माठ आणतोय गं. दोन जुड्या."